वाढत्या अंगाचे माप : वरठीतील बालवस्त्र व्यवसायाविषयी एक संवाद

मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे रेल्वेस्थानक ज्या गावात आहे, ते मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, रेल्वे आणि भोवतालची धानशेती अशा तीन आधारांवर उभे आहे, आणि त्यामुळे येथील बाजारात दोन प्रकारची कुटुंबे एकाच दुकानाच्या पायऱ्या चढतात : दर महिन्याला पगार हाती येणारी, आणि धान विकल्यावरच ज्यांच्या हाती रोकड खेळते अशी. लहान मुलांच्या कपड्यांचा व्यवसाय करू पाहणाऱ्याला या दोन्ही कुटुंबांचा विचार करावा लागतो, कारण मूल दोन्ही घरांत सारख्याच वेगाने वाढते. कपड्यासाठी पैसे निघण्याचे महिने मात्र वेगवेगळे असतात.

अशा गावात बालवस्त्रांचा फायदेशीर आणि त्याच वेळी शाश्वत व्यवसाय उभा राहू शकतो का, हा या लेखाचा विषय आहे. येथे ‘फायदेशीर’ म्हणजे शिवणाऱ्या हातांची मजुरी, जागेचे भाडे, यंत्राची झीज आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज वजा जाता वर्षाअखेर काही शिल्लक उरणारा. आणि ‘शाश्वत’ म्हणजे ज्यातील कपडा शक्य तितका दीर्घकाळ, एकाहून अधिक मुलांच्या अंगावर, वापरला जातो आणि ज्यातील कारागीर पुढच्या वर्षीही त्याच कामावर जगू शकतो असा. या दोन अटी परस्परांना छेद देतात असे अनेकांना वाटते, आणि त्या वाटण्यात तथ्यही आहे, कारण टिकाऊ कपडा विकणारा स्वतःचीच पुढची विक्री कमी करतो. हा पेच स्पष्ट व्हावा म्हणून येथे दोन भूमिका दोन कल्पित व्यक्तिरेखांच्या तोंडी घातल्या आहेत : नागपूरच्या घाऊक बाजारातून तयार कपडे आणून विकणारे एक दुकानदार, आणि महिला बचत गटातील स्त्रियांना शिवणकाम शिकवणाऱ्या एक शिक्षिका. संवादातील किमती हिशेब कळावा यासाठी गृहीत धरलेल्या आहेत.

दुकानदार : ताई, आधी आकडे पाहू. इतवारी किंवा गांधीबागेतून चार वर्षांच्या मुलीचा पॉलिस्टरचा फ्रॉक समजा १६० रुपयांना उचलला आणि येथे २५० ला विकला, तर हाती ९० रुपये येतात आणि सुईत दोराही ओवावा लागत नाही. तुमच्या गटाने तोच फ्रॉक सुती कापडात शिवला, तर दीड मीटर कापडाचे १६५, अस्तर, बटणे व दोरा यांचे २५, शिलाईचे ९०, कटिंगचे २०, इस्त्री व पिशवीचे १० आणि जागा, वीज व यंत्रझीज यांचे ३०, असे ३४० रुपये घरातूनच जातात. ५२५ ला विकल्याशिवाय तुमचे भागत नाही. धान निघण्याआधी येथे ५२५ देणारी आई किती, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

शिक्षिका : भाऊ, आकडे मान्य आहेत, परंतु तुमच्या ९० रुपयांतून न खपलेल्या मालाची वजावट झालेली नाही. दिवाळीनंतर फडताळात उरलेले नग कोणत्या मापाचे असतात, हे तुम्हीच सांगा.

दुकानदार : उरतात ती टोकाची मापे. घाऊकवाला सेट फोडून देत नाही. १६, १८, २०, २२ असे नंबर एकत्रच घ्यावे लागतात. मधले खपतात, कडेचे राहतात.

या एका कबुलीत बालवस्त्र व्यवसायाचे खरे दुखणे सापडते. प्रौढांच्या कपड्यांत चार-पाच मापांत बहुतेक गिऱ्हाईक सामावते, तर जन्मापासून बाराव्या वर्षापर्यंत मुलांच्या कपड्यांना दहा-बारा मापे लागतात, आणि प्रत्येक मापाला मुलगा-मुलगी, रंग आणि नमुना यांनी गुणावे लागते. केवळ पाच नमुने, सहा मापे, तीन रंग आणि प्रत्येकी चार नग ठेवायचे म्हटले तरी ३६० नग होतात, आणि ३४० रुपये खर्चाच्या हिशेबाने जवळजवळ सव्वा लाखाची रक्कम फडताळावर जाऊन बसते. मोठे भांडवल हा यावरचा उपाय आहे असा समज असतो. तथापि पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या आणि आज देशभर पसरलेल्या फर्स्टक्राय या बालवस्तूंच्या कंपनीने, शेअर बाजारात उतरण्यापूर्वीच्या २०२३-२४ या वर्षात सुमारे साडेसहा हजार कोटी रुपयांच्या उत्पन्नावर तीनशे कोटींहून अधिक तोटा दाखवला होता. विस्ताराने माल स्वस्त पडतो, परंतु मापांचा गुणाकार विस्तारासोबतच वाढत जातो. ज्याला तो विस्तार परवडणारा नाही, त्याने मापांची संख्याच कमी कशी करता येईल याचा शोध घेतला पाहिजे.

हा शोध मुलाच्या वाढीच्या स्वरूपात दडलेला आहे. जन्मतः सुमारे ५० सेंटीमीटर लांबीचे बाळ वर्षभरात ७५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचते आणि त्याचे वजन साधारण तिप्पट होते, म्हणून झबली, टोपडी, दुपटी यांत टिकाऊपणाला फारसा वाव नसतो. ती एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि नव्या बाळाला आधी दुसऱ्या बाळाचे धुऊन मऊ झालेले झबले घालण्याची घरोघरची रीत ही या वस्तुस्थितीशी जुळणारीच आहे. चौथ्या वर्षी मूल सुमारे एक मीटर उंचीचे होते आणि त्यानंतर दहाव्या वर्षापर्यंत त्याची उंची वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर वाढते, तर छातीचा घेर वर्षाला दीड-दोन सेंटीमीटरच वाढतो. म्हणजे या सहा वर्षांत मूल मुख्यतः लांबीला वाढते, रुंदीला थोडे. आणि कपड्याची लांबी ही वाढवता येण्याजोगी गोष्ट आहे. ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे शिंप्याला सांगणाऱ्या आजीच्या सूचनेत हेच ज्ञान होते. फक्त त्या सूचनेचा अर्थ बहुतेकदा आज ढगळ आणि उद्या नेमका असा कपडा, असा घेतला गेला.

शिक्षिका : ढगळ शिवण्याची गरज नाही. मापात शिवायचे, पण शिवणीच्या आत माया ठेवायची, म्हणजे जास्तीचे कापड दुमडून राखायचे. फ्रॉकच्या खालच्या दुमडीत आठ सेंटीमीटर आणि बगलेखालच्या प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर एवढी माया ठेवली, तर वीसेक रुपयांचे कापड जास्त लागते. उंची सहा सेंटीमीटर वाढली तरी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची वाढ त्याहून कमी असते, म्हणून ही दुमड दोन हप्त्यांत सोडली की फ्रॉक आणखी दोन वर्षे चालतो. सहा मापांऐवजी तीन मापे ठेवली तरी तेवढीच मुले सामावतात.

दुकानदार : कागदावर चालतो, ताई. दुमड सोडली की जुनी घडी पांढरट रेघेसारखी दिसते आणि आत राहिलेले कापड बाहेरच्यापेक्षा गडद असते. मुलीची आई ते दुकानात आणून दाखवते. आणि मुंढ्याचे काय? खांद्याची आणि काखेची जागा लहान पडली की लांबी कितीही असो, मूल हात वर करत नाही.

हा आक्षेप कारागिरीचा आहे आणि म्हणूनच महत्त्वाचा आहे. व्यवसायाच्या योजनांत अशा आक्षेपांना क्वचितच जागा मिळते. त्याचे उत्तरही कारागिरीतच शोधावे लागते. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते, म्हणजे साठ सेंटीमीटरच्या फ्रॉकची दोन-तीन सेंटीमीटर लांबी पाण्यातच जाते. म्हणून कटिंगपूर्वी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेणे ही पहिली पायरी आहे. रंग पक्का नसेल तर मायेला अर्थ उरत नाही, म्हणून फिकट किंवा बारीक छापाचे, धुण्याने एकसारखे उतरणारे कापड निवडणे ही दुसरी. घडीची रेघ झाकण्यासाठी त्या जागेवर गोफ किंवा पट्टी लावण्याची सोय नमुन्यातच करून ठेवली, तर दुरुस्ती ही दुरुस्ती न वाटता नवी सजावट वाटते. मुंढ्यासाठी मात्र माया पुरत नाही. तेथे बाही न जोडलेला, खांद्यावर दोन बटणघरे असलेला नमुना, म्हणजे आत सदरा घालून वापरता येणारा पिनाफोर, हाच मार्ग उरतो. लंडनमध्ये रायन यासिन या विमानशास्त्राच्या अभियंत्याने २०१७ मध्ये घडी उलगडत सात मापांपर्यंत वाढणारा मुलांचा पोशाख तयार केला आणि त्यासाठी त्यांना ब्रिटनमधील जेम्स डायसन पारितोषिक मिळाले. त्यात कृत्रिम धाग्याच्या कायम राहणाऱ्या चुण्यांचे तंत्र वापरले आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे मुलाच्या अंगावर तसे कापड घालणे योग्य ठरत नाही. सुती कापडातील साधी दुमडच येथे अधिक उपयोगी आहे.

दुकानदार : समजा, हे सगळे जमले. ३६० रुपयांत फ्रॉक पडला, ५२५ ला विकला, आणि नंतर दोन वेळा वाढवून देण्याचे चाळीस-चाळीस घेतले. गिऱ्हाइकाला तीन वर्षांत ६०५ रुपये पडले. तिकडे तीन पॉलिस्टर फ्रॉकचे ७५० झाले. तरीही आई २५० चाच उचलेल, कारण आज पर्समध्ये २५० आहेत. शिवाय दिवाळीला नवे पाहिजे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघताना नवे पाहिजे. मागल्या वर्षीचा फ्रॉक लांब करून दिला, तर त्या मुलीला काय वाटेल?

शिक्षिका : नवे हवेच, भाऊ. मुलाचा तो आनंद हिरावून शाश्वतता आणायची नाही. प्रश्न असा आहे की वर्षातले तीनशेहून अधिक दिवस मूल सणाचे कपडे घालत नाही; ते शाळेचा गणवेश आणि घरचे कपडे घालते.

येथे शिक्षिकेची बाजू अधिक बळकट आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. शाश्वत बालवस्त्रांचा पुरस्कार करणारे बहुतेक उद्योग सणासमारंभाच्या महागड्या कपड्यांपासून आरंभ करतात, कारण तेथे नगामागे नफा जास्त दिसतो. परंतु जो कपडा चार वेळा घालून पेटीत जातो तो सेंद्रिय कापसाचा असला तरी टिकाऊपणाचा त्याला उपयोग नसतो. मोहाडी तालुक्यातीलच आंधळगावच्या कोशाच्या, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांच्या रेशमाच्या बाबतीतही हेच लागू पडते. बारशासाठी किंवा मुंजीसाठी कोशाची कुंची अथवा सदरा आग्रहाने शिवावा, विणकराला त्याचा पूर्ण मोबदला मिळावा, पण रोज धुवाव्या लागणाऱ्या बालवस्त्रांच्या व्यवसायाचा भार या नाजूक आणि महाग कापडावर टाकू नये. सणाचा बाजार तयार कपड्यांकडेच राहू द्यावा. रोजच्या वापराचा, आणि त्यातही गणवेशाचा, बाजार हे स्थानिक शिलाईचे खरे क्षेत्र आहे, कारण तेथे रंग एक, नमुना एक, गिऱ्हाइकांची यादी शाळेच्या हजेरीपटावर तयार, आणि मागणीचा महिना आधीच ठरलेला असतो. ३६० नगांच्या ज्या गुणाकाराने सुरुवातीला धास्ती वाटली, त्यातील नमुना आणि रंग हे दोन गुणक येथे गळून पडतात.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला दोन गणवेश, प्रत्येकी ३०० रुपये या दराने दिले जातात आणि हे काम पूर्वी शालेय व्यवस्थापन समित्या स्थानिक पातळीवर करून घेत असत. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच रंगाचा गणवेश ठरवून कापडाची खरेदी केंद्रीय पद्धतीने करण्यात आली. एका गणवेशाची शिलाई १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे सोपवण्यात आली, तर दुसऱ्या, स्काउट-गाइड धर्तीच्या, गणवेशासाठी समित्यांना शिलाईचे १०० आणि अनुषंगिक खर्चाचे १० रुपये ठरवून देण्यात आले. बचत गटांना काम मिळावे हा हेतू चांगला होता, पण अनेक शाळांत गणवेश उशिरा पोहोचले, मापांच्या तक्रारी आल्या आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शालेय व्यवस्थापन समित्यांकडे आले. मुलाचे माप घेणारा आणि कपडा कापणारा यांच्यात जितके अंतर, तितकी चूक वाढते, हे त्या एका वर्षात सर्वांसमोर आले. त्याच वेळी शिलाईचा दर कारागिराला विचारून ठरवला नाही तर काम वेळेवर होत नाही, हेही दिसले.

दुकानदार : मग ३०० रुपयांचे गणित मांडा. आठवीच्या मुलाची फुलपँट आणि शर्ट यांना पावणेतीन मीटर कापड लागते. ९० रुपये मीटरने अडीचशेच्या घरात गेले. शिलाई कुठून देणार?

शिक्षिका : आठवीत तोटा आहेच. पहिलीच्या मुलाला दीड मीटर पुरते. कापडाचे १३५, बटणे-दोऱ्याचे १५, शिलाईचे ११०, म्हणजे २६०, आणि चाळीस उरतात. लहान वर्गांचे उरलेले मोठ्या वर्गांना लावावे लागते, म्हणून अख्खी शाळा घ्यावी लागते. फक्त मोठे वर्ग घेणारा बुडतो. एवढ्यावर गट जगणार नाही, हेही कबूल. खाजगी शाळांचे गणवेश, घरचे कपडे आणि वाढवून देण्याचे काम, यांची जोड हवी. सरकारी गणवेशातून मोठा नफा निघत नाही. त्यातून गावातल्या प्रत्येक मुलाच्या मापाची वही तयार होते.

मापांची ही वही, म्हणजे मुलाच्या जन्मवर्षासह छाती, उंची, मुंढा, कंबर यांची दरवर्षीची नोंद, या सगळ्या व्यवसायातील सर्वांत मोलाची मालमत्ता आहे, आणि ती घाऊक बाजारातून विकत आणता येत नाही. पुढच्या वर्षी कोणत्या मापाचे किती नग लागतील हे तिच्यावरून आधीच सांगता येते, त्यामुळे न खपलेल्या टोकाच्या मापांचा प्रश्न जवळजवळ संपतो. अशी वही शेजारच्या घरात उघडी पडू न देण्याची जबाबदारीही अर्थातच तिच्यासोबत येते.

दुकानदार : आणि उधारी? शाळेचे पैसे दिवाळीनंतर येतात. तोवर कापडवाला थांबत नाही.

शिक्षिका : गटाची उद्यम नोंदणी करून घ्यायची. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. गटाचा माल दुकानदाराने घेतला तर त्यालाही हाच नियम. मुदत चुकवली तर आयकराच्या हिशेबात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो.

दुकानदार : म्हणूनच पुष्कळ दुकानदार नोंदणी नसलेल्याकडून घेतात, ताई. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण गिऱ्हाईक नोंदणी पाहून पळाले तर कायद्याचे काय करायचे?

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. व्यवहारात ते एवढेच की दुकानावर अवलंबून असलेली विक्री मर्यादित ठेवावी आणि आगाऊ रक्कम घेऊन शिवण्याची पद्धत, जी शिंप्यांकडे पूर्वापार आहे, ती सोडू नये. कराचा बोजा या आकाराच्या व्यवसायाला फारसा अडवत नाही : २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्केच वस्तू व सेवा कर आहे आणि राज्यातल्या राज्यात ४० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या माल-विक्रेत्याला सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. मात्र तुमसरपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाटला माल पाठवायचा तर परराज्यातील विक्री म्हणून ही सवलत उरत नाही, हे सीमेजवळच्या वरठीला आधीच ठाऊक असावे.

सुरक्षिततेविषयी दोघांत मतभेद नाही, म्हणून तो विषय थोडक्यात आटोपता येतो. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याभोवती किंवा टोपीला ओढायची नाडी चालत नाही, कारण ती घसरगुंडीत अडकून गळफास बसू शकतो. हे मानक येथे बंधनकारक नसले तरी घसरगुंडी वरठीच्या अंगणवाडीतही आहे. झबल्याचे बंद आखूड ठेवणे आणि बटणे ओढून पाहिल्याशिवाय कपडा न देणे यांना जास्तीचा खर्च येत नाही.

खर्च येतो तो वेळेचा, आणि त्याचे वेळापत्रक धानाच्या हाती आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांनंतर, जूनअखेरीस उघडतात. त्यानंतर लगेच रोवणी सुरू होते आणि शिवणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी चिखलात उतरतात, कारण त्या दिवसांत रोवणीची मजुरी शिलाईपेक्षा खात्रीची असते. त्यांना तेव्हा यंत्रावर बसवून ठेवण्याचा आग्रह धरणारी योजना वरठीत टिकणार नाही. कापड भिजवणे आणि कटिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिलाई एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत सकाळच्या वेळी, जुलैत फक्त वाढवून देण्याची किरकोळ कामे, आणि धान घरात आल्यावर हिवाळी कपडे, असा क्रम लावला तरच मजुरी आणि शेती परस्परांच्या आड येत नाहीत. भांडवलही याच क्रमाने लागते : कापडाचे पैसे फेब्रुवारीत हवेत, जेव्हा धानाचे चुकारे बहुतेकांच्या हाती आलेले असतात आणि गटाची बचत भरलेली असते.

दुकानदार : एक गोष्ट अजून ठरली नाही. फ्रॉक वाढवून देण्याचा शब्द कोणाला दिलेला? विकत घेणाऱ्या आईला, की फ्रॉकला? मोठीचा धाकटीला गेला, धाकटीचा शेजारणीच्या मुलीला गेला. ती शेजारीण येऊन म्हणाली, चाळीस रुपयांत लांब करून द्या, तर तिने आपल्याकडून दमडीची खरेदी केलेली नाही.

शिक्षिका : शब्द कपड्याला दिलेला आहे, भाऊ. आपली खूण ज्या कपड्यावर आहे तो कोणीही आणो. ती चाळीस रुपये देते, आणि वहीत एका मुलीचे माप वाढते, जे आजवर आपल्याकडे नव्हते.

दुकानदार : मग दुकानाच्या एका बाजूला यंत्र ठेवायला जागा देता येईल. भाडे नको, वाढवून देण्याच्या चाळीसमधले दहा दुकानाचे. पण सुरुवात गणवेशाच्या पिनाफोरपासून करा, फ्रॉकपासून नको, आणि पहिल्या वर्षी दुसरी ते चौथीच्याच मुली घ्या.

शिक्षिका : दहा नाही, आठ. रीळ गटाचे आहे.